छप्पर, मीटर आणि घड्याळ : व्यावसायिक सौर संचाचे माप आणि मोल

कारखाना, शीतगृह, हॉटेल, रुग्णालय किंवा गोदाम यांच्या छपरावर सौर संच बसवण्याचा विचार सुरू झाला, की साधारणपणे दोनच प्रश्न पुढे येतात : छपरावर किती किलोवॅट मावतील, आणि किलोवॅटमागे किती रुपये पडतील. पहिल्याचे उत्तर टेप लावून मिळते, दुसऱ्याचे चार कोटेशने मागवली की मिळते, आणि दोन्ही उत्तरे हाती आली की हिशेब पुरा झाला असे समजून आगाऊ रक्कम दिली जाते. हे दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, परंतु ते अखेरीस विचारायचे आहेत, अशी प्रस्तुत पुस्तकाची भूमिका आहे. संचाचे माप छपराच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही आणि वर्षाच्या एकूण युनिटांवरूनही ठरत नाही. व्यवसाय दिवसाच्या कोणत्या तासाला किती वीज ओढतो, यावरून ते ठरते. त्याचप्रमाणे संचाचे मोल बसवणाराच्या दरात शोधायचे नसून, संचामुळे वीजबिलातली नेमकी कोणती ओळ किती रुपयांनी खाली येते, यात शोधायचे आहे. छप्पर, मीटर आणि घड्याळ या तिहींपैकी घड्याळाकडे आजवर सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे, आणि फसलेल्या हिशेबांचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

विवेचनाचा आवाका महाराष्ट्रापुरता आणि व्यावसायिक ग्राहकांपुरता ठेवला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेमुळे छतावरील सौर संच म्हटला की अनुदान, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले आहे. परंतु त्या योजनेतील तीन किलोवॅट व त्यापुढील संचासाठीचे ७८ हजार रुपयांचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानाला किंवा कारखान्याला नाही. व्यावसायिकाचा संच स्वतःच्या बळावर परवडला पाहिजे. म्हणूनच त्याचा हिशेब घरगुती संचाहून अधिक काटेकोर करावा लागतो.

प्रथम मापाची परिभाषा. किलोवॅट हे विजेच्या वेगाचे माप आहे आणि युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे विजेच्या राशीचे. नळाची धार आणि हौदातले पाणी यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. पॅनेलवर छापलेला आकडा, उदाहरणार्थ ५५० वॅट, हा प्रयोगशाळेतील प्रमाणित स्थितीचा असतो : प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि पॅनेलमधील घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. ही स्थिती छपरावर जवळजवळ कधीच नसते, कारण ज्या वेळी प्रकाश तेवढा प्रखर असतो त्या वेळी घट तापलेला असतो. सिलिकॉनच्या प्रचलित पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.३५ टक्के घटते. विदर्भातील एप्रिलच्या दुपारी घटाचे तापमान ६० अंशांवर गेले, तर एवढ्यानेच १० ते १२ टक्के वीज कमी होते. धूळ, तारांतील घट, इन्व्हर्टरमधील घट आणि पॅनेलांची आपसांतील असमानता त्यात मिळवली, म्हणजे १०० किलोवॅटचा संच ऐन दुपारीही बहुधा ८० किलोवॅटच्या आसपासच वीज का देतो, हे कळते. हा बनाव नव्हे. मात्र कोटेशनमध्ये ही गोष्ट लिहिलेली नसेल, तर ती विचारून घ्यावी.

वर्षाची राशी मात्र बरीच विश्वासार्ह असते. महाराष्ट्रात नीट बसवलेला एक किलोवॅट वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देतो, म्हणजे दिवसाला सरासरी चारच्या जवळपास. ही सरासरी वर्षभर सारखी पसरलेली नसते : मार्च-एप्रिलमध्ये ती पाचावर जाते, तर कोकणात व घाटमाथ्यावर जुलैमध्ये जवळजवळ निम्म्यावर येते. ज्या व्यवसायाचा वीजवापर पावसाळ्यात वाढतो, त्याने वार्षिक सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे.

छपराविषयी थोडक्यात. ५५० वॅटचे पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब व १.१३ मीटर रुंद असते. १०० किलोवॅटला अशी १८२ पॅनेले लागतात आणि नुसत्या पॅनेलांचे क्षेत्रफळ सुमारे ४७० चौरस मीटर होते. सपाट स्लॅबवर रांगांमधील अंतर आणि जाण्यायेण्याची वाट धरली, की जागा याच्या दीडपट ते दुपटीपर्यंत लागते. पत्र्याच्या उतरत्या छपराला चिकटून बसवल्यास बरीच कमी पुरते. अंतर सोडण्याचे कारण सावली. पुण्याच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, पण सौर वेळेनुसार सकाळी नऊला तो जेमतेम २९ अंशांवर असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली सुमारे पावणेदोन मीटर लांब पडते. एका साखळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर पाण्याच्या टाकीची किंवा चिमणीची सावली पडली, तरी साखळीतील इतरांचे उत्पादन त्याच्यासोबत खाली येऊ शकते. म्हणून पाहणी हिवाळ्यातील सकाळ गृहीत धरून करायची असते. मे महिन्यात, जेव्हा सूर्य डोक्यावर येऊन शून्य सावली होते, तेव्हा केलेली पाहणी सारे छप्पर मोकळे दाखवते.

छपराचा भार हा वेगळ्या जाणकाराचा विषय आहे. पॅनेल व सांगाडा यांचे वजन दर चौरस मीटरला १५ ते २० किलोच्या घरात असते आणि ते बहुतेक स्लॅबना पेलते. खरी कसोटी वाऱ्याची असते, कारण वारा पॅनेल दाबतो त्याहून अधिक ते उचलू पाहतो. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबई व नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुणे व नाशिकसाठी ३९ मीटर धरलेला आहे, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने पत्र्यांचे काय केले, हे ज्या कोकणातील व्यावसायिकांनी पाहिले आहे, त्यांना सांगाड्याच्या खर्चात काटछाट का करू नये, हे पटवून द्यावे लागत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर संच बसवायचा विचार मुळातच सोडावा किंवा आधी पत्रे बदलावेत. पंचवीस वर्षांचा संच पाच वर्षांच्या पत्र्यावर बसवला, तर पत्रे बदलण्यासाठी तो पुन्हा उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीचा हिशेब कोणीच धरलेला नसतो.

आता मुख्य विषय. संचाचे माप काढण्याची रूढ पद्धत अशी : बारा महिन्यांची बिले घ्यावीत, युनिटांची बेरीज करावी आणि तिला १,४०० ने भागावे. तासगाव परिसरातील बेदाण्याच्या एखाद्या शीतगृहाचा हिशेबापुरता विचार करू. वर्षाचा वापर ३ लाख ६० हजार युनिटे धरला, तर या पद्धतीने २५७ किलोवॅटचा संच निघतो. पण वर्षात ८,७६० तास असतात, आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस आळीपाळीने चालत असल्यामुळे शीतगृहाची सरासरी ओढ केवळ ४१ किलोवॅट येते. उन्हाळ्यातील दुपारी ती फार तर ६० पर्यंत चढेल आणि माल उठल्यानंतर २५ वर येईल. २५७ किलोवॅटचा संच भर दुपारी २०० किलोवॅट देऊ लागला, तर त्यातील तीन चतुर्थांश वीज शीतगृहाच्या कामी न येता तारेवरून बाहेर जाईल, आणि संध्याकाळी सहानंतर शीतगृह पूर्वीइतकीच वीज पूर्वीच्याच दराने घेत राहील. उलट ६० किलोवॅटचा संच वर्षाला ८४ हजार युनिटे, म्हणजे एकूण वापराच्या २३ टक्के देईल, पण त्यातील बहुतेक सर्व वीज तिथल्या तिथे वापरली जाईल. तेवीस टक्के हा आकडा ऐकून मालक नाराज होतो; परंतु ज्या व्यवसायाचे घड्याळ चोवीस तासांचे आहे, त्याच्या वापराशी दिवसातून सहा-सात तासच जोमाने चालणारा संच याहून फार जास्त प्रमाणात थेट जुळू शकत नाही.

यातही एक वाट आहे, आणि ती शीतगृहांना विशेष मोकळी आहे. खोलीतील माल हा स्वतःच थंडाव्याचा साठा असतो. मालाला सोसेल एवढ्या मर्यादेत दुपारी तापमान एक-दीड अंश खाली नेऊन ठेवले आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर काही काळ बंद ठेवले, तर रात्रीचा काही भार दिवसावर सरकतो. त्यासाठी बॅटरी लागत नाही, लागते ती चांगले उष्णतारोधन असलेली भिंत आणि वेळापत्रक पाळणारा ऑपरेटर. पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना, पाणी चढवणारे पंप, हॉटेलची धुलाई अशी अनेक कामे दिवसावर सरकू शकतात. संच मोठा करण्याआधी भार सरकवून पाहणे नेहमीच स्वस्त पडते.

व्यवसायाचे घड्याळ जसे दिवसाचे असते, तसे वर्षाचेही असते, आणि इथे नियमांशी गाठ पडते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१९ साली काढलेल्या विनियमांनुसार ग्राहक आपल्या मंजूर भाराच्या किंवा करार मागणीच्या मर्यादेत संच बसवू शकतो आणि नेट मीटरिंगची सोय घेऊ शकतो. नेट मीटरिंग म्हणजे बाहेर दिलेली व आत घेतलेली वीज यांची वजावट करून उरलेल्या युनिटांचे बिल. केंद्राच्या ग्राहकहक्क नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने ही सोय ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापर्यंत मान्य केली. जमा राहिलेली युनिटे पुढील महिन्यात ओढली जातात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस खाते बंद होते आणि शिल्लक युनिटे ग्राहकाच्या दराहून बऱ्याच कमी दराने विकत घेतली जातात. ३१ मार्च या तारखेचा परिणाम दोन हंगामी व्यवसायांवर किती वेगळा होतो, हे पाहण्यासारखे आहे. यवतमाळकडील जिनिंग कारखाना कापूस आल्यावर हिवाळ्यात चालतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात त्याच्या खात्यात युनिटे साठत जातात आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती वापरली जातात, म्हणजे वर्षाची चौकट त्याला अनुकूल पडते. रत्नागिरीतील आंब्याचा रस डबाबंद करणारा कारखाना मात्र एप्रिल ते जून या काळात चालतो; हंगाम सुरू होताना त्याची जमा नुकतीच शून्य झालेली असते आणि हंगामानंतर साठलेली जमा पुढील हंगाम येण्याच्या आदल्या दिवशी कवडीमोल होते. दोघांचा वार्षिक वापर सारखा असला, तरी दोघांना एकच माप सुचवणारा सल्लागार या तारखेकडे पाहायला विसरलेला असतो. भिवंडीची गोदामे हे तिसरे टोक : एकरभर छप्पर, आणि खाली दिव्यांपुरता व मालवाहू गाड्यांच्या चार्जिंगपुरता भार. तिथे छप्पर कितीही मोकळे दिसले, तरी मंजूर भारच संचाला वेसण घालतो.

साप्ताहिक सुट्टीही मोजावी लागते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद असतात. सूर्य सुट्टी घेत नसल्याने उत्पादनाचा सातवा हिस्सा अशा दिवशी येतो की, तो वापरणारे यंत्र चालू नसते.

येथवर जमा-वजावटीचा विचार झाला, तो एक युनिट म्हणजे एक युनिट असे धरून. हे गृहीतक आता टिकणारे नाही. जून २०२३मध्ये केंद्र सरकारने ग्राहकहक्क नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार दिवसातील आठ तास ‘सौर तास’ म्हणून राज्य आयोगाने ठरवायचे असून त्या तासांतील वीजदर सर्वसाधारण दराहून किमान २० टक्के कमी असायला हवा, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या तासांतील दर सर्वसाधारण दराच्या किमान १.२ पट असायला हवा. १० किलोवॅटहून अधिक मागणीच्या अशा ग्राहकांना ही पद्धत १ एप्रिल २०२४पासून लागू करण्याची तरतूद होती. यामागचे कारण सरळ आहे. राज्यात २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना असो किंवा मोठे सौर प्रकल्प असोत, सर्वांची वीज एकाच वेळी येते. ज्या वस्तूची आवक एकाच वेळी होते तिचा भाव त्या वेळी उतरतो, हे कांद्याच्या लिलावात उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या बदलाचा अर्थ असा, की छपरावरील संच जी वीज वाचवतो ती नेमकी दिवसभरातील सर्वांत स्वस्त वीज असते. २०१९च्या विनियमांत एक कलम असे आहे, की वेळनिहाय दर लागू असलेल्या ग्राहकाची बाहेर दिलेली वीज प्रथम त्याच वेळखंडातील वापरातून वजा होते आणि तरीही उरलेली जादा वीज कमी मागणीच्या काळात दिली असे धरले जाते. दुपारी दिलेले युनिट संध्याकाळी सातला परत घेता येईल आणि दोन्हींची किंमत सारखी राहील, या आशेवर मापलेला संच म्हणूनच फसतो. वेळखंडांच्या सीमा आणि सवलतीचे आकडे आयोगाच्या दर-आदेशानुसार बदलत राहतात, तेव्हा करार करण्याच्या दिवशी जो आदेश चालू असेल तो स्वतः वाचावा. विक्रेत्याच्या पत्रकातील दर मागील वर्षाचा असण्याची शक्यता पुष्कळ असते.

दुसरा, याहून कमी परिचित असलेला मुद्दा केव्हीएचा. मोटार, रोहित्र, वेल्डिंग यंत्र यांना प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेखेरीज चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी मागे-पुढे जाणारी वीजही लागते. तिला रिॲक्टिव्ह म्हणतात. कामाची वीज किलोवॅटमध्ये मोजतात, दोहोंची मिळून भूमितीय बेरीज केव्हीएमध्ये मोजतात, आणि किलोवॅटला केव्हीएने भागले की पॉवर फॅक्टर निघतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२०पासून किलोवॅट-तासाऐवजी केव्हीए-तासावर बिल येते. आता एका कारखान्याची ओढ १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ आहे असे समजा. म्हणजे तो १०५ केव्हीए घेतो आणि त्यातील रिॲक्टिव्ह भाग सुमारे ३३ आहे. छपरावरील संचाने ८० किलोवॅट पुरवले. संच सामान्यतः केवळ कामाची वीज देतो, त्यामुळे तारेवरून आता २० किलोवॅट येतात, पण रिॲक्टिव्ह मात्र ३३ च्या ३३ राहते. या दोहोंची भूमितीय बेरीज ३८.५ केव्हीए होते आणि पॉवर फॅक्टर ०.५२ वर कोसळतो. मालकाच्या समजुतीप्रमाणे ८० वाचले. मीटरच्या दृष्टीने १०५ मधून ३८.५ गेले, म्हणजे ६७ वाचले. दर तासाला तेरा युनिटांचा हा फरक कोणत्याही चोरीमुळे किंवा बिघाडामुळे पडलेला नाही, आणि तो दूर करण्याचा उपायही माहीत आहे : कपॅसिटरचे स्वयंचलित पॅनेल नव्या भारानुसार पुन्हा मापणे, किंवा इन्व्हर्टरला रिॲक्टिव्हचा काही वाटा उचलायला लावणे. पण तो खर्च संचाच्या कोटेशनमध्ये क्वचितच दिसतो. संच सुरू झाल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या बिलावर वाद सुरू होतो तेव्हा तो समोर येतो.

बिलाच्या बाकीच्या ओळींतही असाच विवेक लागतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवरील वीज शुल्क युनिटांबरोबर कमी होतात. मागणी आकार मात्र महिन्यातील कमाल मागणीवर लागतो, आणि ती कमाल एखाद्या ढगाळ दुपारी किंवा संध्याकाळी सातला नोंदली गेली, की सबंध महिन्याचा आकार तिच्यावर ठरतो. त्यामुळे सौर संचाने मागणी आकार घटेल असे धरून चालू नये. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून ‘युनिट अकरा रुपयांना पडते’ असे काढणे आणि तेच अकरा रुपये वाचतील असे मांडणे, ही परताव्याच्या तक्त्यांतील सर्वांत प्रचलित चूक आहे.

खर्चाकडे वळताना १०० किलोवॅटच्या संचाचे एक कल्पित उदाहरण पुरे आहे. किलोवॅटमागे ४२ हजार रुपये धरले, तर कर वगळून ४२ लाख होतात. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा, तारा, अर्थिंग, वीजरोधक, मीटर व मजुरी येते. धुलाई, देखभाल व विमा यांना वर्षाला ५० हजार, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास इन्व्हर्टर बदलण्यासाठी ४ लाख राखून ठेवावेत, कारण पॅनेलची उत्पादनहमी पंचवीस वर्षांची असली तरी इन्व्हर्टरची तशी नसते. वर्षागणिक होणारी झीज धरून पंचवीस वर्षांत सुमारे ३२ लाख युनिटे मिळतील. सर्व खर्चाची नुसती बेरीज करून भागले, तर युनिट १ रुपया ८३ पैशांना पडते, आणि जाहिरातीत हाच आकडा असतो. पण आज गुंतवलेल्या रुपयाला व्याज आहे. भांडवलावर १० टक्के दर धरला, तर ४२ लाखांचा वार्षिक भार सुमारे ४ लाख ६३ हजार येतो आणि देखभालीसह युनिटाची किंमत ४ रुपयांच्या आसपास जाते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. निर्णयासाठी उपयोगी दुसरा आहे.

परतफेडीचा काळही तसाच लवचीक असतो. पहिल्या वर्षाची १ लाख ४० हजार युनिटे सर्वच्या सर्व वापरली गेली आणि प्रत्येक युनिटाने ८ रुपये वाचवले, तर देखभाल वजा जाता भांडवल चार वर्षांत निघते. सौर तासांतील सवलतीमुळे तेच युनिट ६ रुपये ४० पैसे वाचवत असेल, तर पाच वर्षे लागतात. त्यातूनही पाव वीज सुट्टीच्या दिवशी वा हंगामाबाहेर जाऊन तिला ३ रुपयेच मिळाले, तर पावणेसहा वर्षे. संच तोच, छप्पर तेच, बसवणारा तोच. विक्रेत्यांमधील किलोवॅटमागच्या दोन हजारांच्या फरकावर महिनाभर घासाघीस होते, आणि भांडवल दोन वर्षे उशिरा सुटण्याचे हे कारण चर्चेत येतही नाही.

कराचा भाग थोडक्यात, कारण तो सनदी लेखापालाकडूनच तपासून घ्यायचा आहे. सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १२ वरून ५ टक्के झाला. पुरवठा व उभारणीचा एकत्रित करार असल्यास ७० टक्के रक्कम वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरली जाते व सेवेवर १८ टक्के लागत असल्याने एकूण भार ८.९ टक्के येतो. कारखान्याला त्याची वजावट मिळू शकते. रुग्णालय किंवा शाळा यांच्या सेवाच करमुक्त असल्याने त्यांच्यासाठी हा कर खर्चच ठरतो. आयकरातील घसाऱ्याचा दर २०१७पर्यंत ८० टक्के होता, तो त्यानंतर ४० टक्के झाला. शिवाय आर्थिक वर्षात संच १८० दिवसांहून कमी वापरला गेला, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे मार्चअखेरीस घाईघाईने सुरू केलेल्या संचाला २० टक्के मिळतात. जलद घसाऱ्याने कर टळत नाही, पुढे ढकलला जातो, आणि ज्या विश्वस्त संस्थेला आयकरच नाही तिला त्याचा काहीच उपयोग नाही. तरीही तिच्यासमोर ठेवलेल्या तक्त्यात तो लाभ मांडलेला आढळतो. पॅनेलांच्या बाबतीत केंद्र सरकारची मंजूर मॉडेल व उत्पादकांची यादी पाहणे आवश्यक आहे. २०१९च्या आदेशाने आलेली ही अट मध्यंतरी वर्षभर स्थगित होती आणि १ एप्रिल २०२४पासून पुन्हा लागू झाली. यादीबाहेरची स्वस्त पॅनेले घेतल्यास नेट मीटरिंगचा अर्ज अडू शकतो.

आणखी एका गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. तारेशी जोडलेला साधा संच तारेवरील वीज गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या जिवासाठी ही सोय अनिवार्य आहे. भर उन्हात छपरावर १०० किलोवॅट असूनही कारखाना अंधारात, हे चित्र त्यामुळेच दिसते. डिझेल जनरेटरबरोबर संच चालवायचा असल्यास जनरेटरवर साधारण ३० टक्के भार राहील अशा नियंत्रकाची गरज असते, अन्यथा जनरेटर खराब होतो. बॅटरीचा विचार वेगळ्या प्रकरणात केला आहे. सौर तास आणि संध्याकाळचे तास यांच्या दरांत जेवढे अंतर पडेल, तेवढा तिचा हिशेब जवळ येत जाईल.

स्वतः भांडवल न घालता दुसऱ्याच्या संचाची वीज युनिटाच्या दराने घेण्याचा मार्गही उपलब्ध आहे. त्यात करार पंधरा ते पंचवीस वर्षांचा असतो, दरवर्षी दरवाढीचे कलम असते आणि बहुधा किमान खरेदीची अटही असते. दिवसाची वीज स्वस्त होत जाणाऱ्या काळात चढत्या दराचा दीर्घ करार करणे हे या पुस्तकाच्या मते धोक्याचे आहे. भांडवलाची खरोखरच अडचण असेल, तरच तो मार्ग पत्करावा.

पुढील प्रकरणांत कोष्टके आहेत, आणि ती भरल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही. म्हणून वाचकाने पहिले प्रकरण उघडण्याआधी मागील बारा महिन्यांची बिले क्रमाने लावून ठेवावीत, आणि कामाचा एक संपूर्ण आठवडा, सुट्टीच्या दिवसासह, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाला मुख्य मीटरचे वाचन वहीत उतरवून घ्यावे. आठवड्याची ही वही तयार होईपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.